बोलेरो की योद्धा? आधी वजनकाट्यावर चला

आमच्या मोरगावच्या चौकात माणसं दोनच विषयांवर हमरीतुमरीवर येतात. एक राजकारण (बारामती तालुका आहे, नवल नाही) आणि दुसरा पिकअप. पहिल्या विषयावर मी गप्प बसायला शिकलोय. दुसऱ्यावर आता बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण गेल्या वर्षभरात घरातले, भावकीतले, शेजारचे मिळून चारपाच जण मला एकच प्रश्न विचारून गेले. "काका, महिंद्राची बोलेरो घेऊ की टाटाची योद्धा?"

विचारणारा पंचविशीतला असतो. मोबाइलवर त्याने दोन्ही गाड्यांचे ढीगभर व्हिडिओ पाहिलेले असतात. हॉर्सपॉवर पाठ, टॉर्क पाठ. पुढची जाळी कुणाची रुबाबदार दिसते यावर ठाम मत. आपण शेतातून नेमकं काय नेणार, किती नेणार आणि वर्षातले किती दिवस नेणार, हे विचारलं की मात्र साहेब आभाळाकडे बघायला लागतात.

हे वेड काही आपल्याच मातीतलं नाही. अमेरिकेत फोर्डची एफ-150 चांगली की शेवरलेची सिल्व्हराडो, यावर पिढ्यानपिढ्या भांडणं चालू आहेत. बापाची फोर्ड असेल तर पोरगं शेवरलेकडे ढुंकून बघत नाही म्हणतात. पण त्यातल्या कितीतरी गाड्यांचा हौदा रिकामाच ऑफिसला जातो आणि रिकामाच परत येतो. ती हौस आहे, आणि हौसेला मोल नसतं हे मला मान्य. आपल्याकडे मात्र ही गाडी सातबारा दाखवून, कधी आईचे दागिने ठेवून येते. तिथे हौसेने निर्णय घेतलेला मला चालत नाही.

आता थोडं मागे जाऊ. मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा तालुक्याचा जिरायती भाग. तिकडे माळेगाव-सोमेश्वरला नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि ऊस, इकडे कऱ्हा नदी बहुतेक वर्षं कोरडी आणि जानाई-शिरसाईच्या आवर्तनाची वाट बघणारे आम्ही. त्यामुळे आमचा माल म्हणजे कांदा, डाळिंब, थोडी तरकारी, दूध आणि दुष्काळात उलट बाहेरून येणारा कडबा. हा माल आधी ट्रॅक्टर आणि टेम्पोतून जायचा. मग पियाजिओची ॲपे आली, तिचा कारखाना तर आपल्या बारामतीतच. 2005 साली टाटांनी एस काढली, जिला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो. त्याच्याही आधीपासून टाटांची 207 रस्त्यावर होती. तिचा आवाज एक मैलावरून यायचा, पण कुठल्याही गावातला मिस्त्री ती पान्या-हातोड्यावर चालती करून द्यायचा. पुढे महिंद्राची बोलेरो पिकअप आली आणि तिने या वर्गात असा जम बसवला की "पिकअप" म्हटलं की बोलेरोच डोळ्यांसमोर यावी. टाटांनी 2017 च्या सुरुवातीला झेनॉन योद्धा आणली. सप्टेंबर 2022 मध्ये योद्धा 2.0 आली, दोन टन वाहणारी म्हणून. एप्रिल 2023 मध्ये महिंद्राने बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिका काढली, त्यातही वरचं मॉडेल दोन टनांचं. म्हणजे बरोबरी झाली. आणि इथूनच माझं भांडण सुरू होतं.

हे जे "दोन टन" आहे ना, तेच सगळ्या घोळाचं मूळ आहे.

कंपनी सांगते ते वजन कोणत्या हौद्यासह, ते कुणी विचारत नाही. गाडीचं आरसी बुक उघडा. त्यात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्यावरचं जास्तीत जास्त एकूण वजन, असे दोन आकडे असतात. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची क्षमता. गाडी घरी आली की आपण काय करतो? बारामतीला नाहीतर जेजुरीला नेऊन हौद्यावर लोखंडी जाळी चढवतो, फाळके उंच करतो, वर ताडपत्रीचा सांगाडा, पुढे जाड बंपर, हौद्यात पत्रा. हे सगळं दीडशे-दोनशे किलोंच्या घरात सहज जातं आणि ते त्याच दोन टनांतून वजा होतं. पुढे ड्रायव्हर आणि दोन माणसं बसली, तीही एकूण वजनातच मोजायची. म्हणजे दोन टनांची गाडी तुमच्या दारातून निघते तेव्हा ती दोन टनांची उरलेली नसते, मग तिच्यावर नाव टाटांचं असो की महिंद्राचं.

बरं, आपण निदान दोन टनांवर तरी थांबतो का? कांद्याची पिशवी 50 किलो धरा. 40 पिशव्यांत दोन टन पूर्ण. आमच्याकडे 60 पिशव्या चढवणाऱ्याला "भारी ड्रायव्हर" म्हणतात. मालकाला त्यात एक खेप वाचल्याचा आनंद. गाडी मागून बसली की पाट्यांत एक पाटा वाढवायचा आणि "आता घेते तीन टन आरामात" म्हणायचं. अहो, पाटा वाढवल्याने गाडी बसायची थांबते. ब्रेक तेवढेच राहतात, चासी तेवढीच राहते, ॲक्सल तोच राहतो. दुखणाऱ्या गुडघ्यावर पट्टा बांधून पोतं उचलण्यातला प्रकार हा. एका शोरूममध्ये (नाव घेत नाही, कंपनीही सांगत नाही) विक्रेत्याने माझ्यादेखत पुतण्याला डोळा मारून सांगितलं, "दोन टन कागदावर हो, शेठ." पुतण्या खूश. मी तिथेच विचारलं, हे लिहून द्याल का? त्याने लगेच चहा मागवला.

डाळिंबाचा हिशेब वेगळा. फळासह क्रेट 22 किलोंचा धरला तर 1700 किलोंत 77 क्रेट बसतात. डाळिंबवाल्याचा प्रश्न वजनाइतकाच हौद्याच्या लांबीचा आणि धक्क्यांचा आहे. वजनासाठी ताठ केलेली गाडी कमी भरून नेली की खड्ड्यात उडते आणि फळ मार खातं. अशा माणसाने दोन टनांचं मॉडेल का घ्यावं, हे मला कुणी समजावून सांगा. कडब्याचं तर वजन कमी आणि पसारा मोठा. तिथे टनांना कुणी विचारत नाही, वळणावर गाडी कलंडते की नाही याला विचारतात.

आणि पाणी. 2018-19 च्या दुष्काळात पिकअपमध्ये प्लॅस्टिकची टाकी टाकून बागा जगवणारे मी पाहिलेत. माझा त्यांना दंडवत आहे, बाग जळताना बघणं सोपं नाही. पण एक लिटर म्हणजे एक किलो, हे आपण चौथीत शिकतो. 2000 लिटरची टाकी भरली की टाकीचं वजन सोडूनच दोन टन झाले. लोक 3000 ची ठेवतात. शिवाय टाकी अर्धी असली की पाणी हिंदकळतं, ब्रेक दाबला की सगळं पुढे येतं. कुठल्याही जाहिरातीतली गाडी हे करताना दिसणार नाही. ती डोंगर चढत असते, धुरळा उडवत.

डोंगरावरून आठवलं. आमचा माल पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. जेजुरी, सासवड आणि मग दिवे घाट. आता नीट विचार करा. भरलेली गाडी दिवे घाट *उतरते*. चढते ती येताना, रिकामी नाहीतर चार खताच्या गोण्या घेऊन. मग चौकात बसून तुम्ही कुणाचं इंजिन किती ओढतं यावर का भांडताय? आपल्याला ओढण्याची नाही, थांबण्याची चिंता असायला हवी. गाडीचं स्वतःचं वजन पावणेदोन टन धरा, वर दोन टन माल. म्हणजे पावणेचार टन थांबवायच्या हिशेबाने सगळी यंत्रणा बनवलेली. तुम्ही तीन टन भरले तर पावणेपाच झाले, सव्वापटीहून जास्त. आणि रात्री दोन वाजता डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग आहेतच. इंजिनचा अडसर काढून घेतला की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. खाली फुरसुंगी-हडपसरची वाहतूक आहे, आषाढी वारीत याच घाटातून माउलींची पालखी वर चढते. घाट उतरायचा तो चढताना लागणाऱ्या गिअरमध्येच, हे जुन्या 207 वाल्यांना शिकवावं लागायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण चौकात हे कुणी सांगत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. एक टन जास्त सापडला तर 22,000, आणि जादा माल उतरवून घ्यायचा तो वेगळाच. त्या खेपेचा कांदा कुणासाठी नेला मग? परवान्याचा घोळ मात्र मिटलाय. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7500 किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने कायम केलं. पण मालगाडीच्या हौद्यात माणसं भरून सोमवतीला जेजुरीला नेणं हे त्यात बसत नाही. देव पावेल, विमा कंपनी पावणार नाही.

आता पैसा. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, ते चांगलंच झालं. राज्याच्या मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के कर सुचवला होता. तेव्हा भाव विचाराल तो रस्त्यावर येईपर्यंतचा, सगळे कर धरून आणि कागदावर घ्या. समजा 8 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वर्षं. महिना 17,000 च्या आसपास हप्ता, एकूण सव्वादहा लाखांच्या जवळ. व्याजच सव्वादोन लाख. आता चौकातला लाडका विषय, ॲव्हरेज. मोरगाव ते पुणे जाऊन-येऊन 130 किलोमीटर धरा, डिझेल 90 रुपये. एक गाडी 12 चा ॲव्हरेज देते, दुसरी 14 चा. फरक पडतो खेपेला दीडशे रुपयांच्या आत-बाहेर. वर्षाला 100 खेपा केल्या तरी 15,000. एका हप्त्याइतकासुद्धा नाही! आणि तुमचा स्वतःचा माल वर्षाला 100 खेपांचा आहे का? नसेल तर उरलेल्या दिवसांत गाडी भाड्याने मारावी लागणार, आणि "भाडं मारू की" म्हणणारी पोरं चौकात आधीच गाड्या लावून उभी आहेत. हंगामात सगळ्यांना एकदमच गाडी लागते आणि उन्हाळ्यात कुणालाच लागत नाही. हप्ता बाराही महिने असतो. पुतण्याला मी हेच विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही पहिल्यापासून नाटच लावता." लावतो. 30 खेपांसाठी गाडी भाड्याने करणं हप्त्यापेक्षा स्वस्त पडतं, ही बेरीज मी त्याला त्याच्याच मोबाइलवर करून दाखवली.

असो. तरीही घ्यायचीच असेल तर माझं मत लपवत नाही. स्वतःच्या शेताचा माल, स्वतः चालवणार, आणि चारपाच वर्षांनी विकायची शक्यता असेल तर बोलेरो घ्या, आणि तीही लहान क्षमतेची. कारण इंजिनात नाही, कारण आसपास आहे. सुप्यापासून सासवडपर्यंत तिचं काम येणारा मिस्त्री सापडतो, सुटे भाग मिळतात, आणि जुनी विकायला काढली की गिऱ्हाईक घरी येतं. योद्धा वाईट म्हणून नव्हे. उलट बारा महिने सिमेंट, सळई, पेंड असा जड, आटोपशीर माल ठरलेल्या मार्गावर वाहणाऱ्याला मी योद्धाच सांगेन, फक्त टाटांचं सर्व्हिस सेंटर त्याच्या वाटेवर असावं. हे माझं आमच्या पट्ट्यापुरतं मत आहे. सांगली-सोलापूरवाल्यांनी आपापले मिस्त्री मोजून बघावेत.

एक गोष्ट दोन्हीकडे विचारा. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल गाड्यांत सेन्सर वाढले. तुम्ही घेताय त्या मॉडेलला युरिया लागतो का (शेतातला नव्हे, टाकीत घालायचा), धुराची जाळी तुंबली तर काय करायचं, आणि गाडी घाटात दिवा लावून बंद पडली तर जवळची मदत किती किलोमीटरवर? 207 चे दिवस संपले, पान्या-हातोड्यावर आता भागत नाही.

आणि ती टेस्ट ड्राइव्ह. रिकामी गाडी बायपासवर पळवून आणतात आणि विचारतात, कशी वाटली? रिकामी गाडी सगळीच छान पळते. त्यांना सांगा, सासवडपर्यंत मी माझ्या 30 पिशव्या घालून नेतो, दिवे घाट उतरतो, वर चढतो, मग बोलू. पुतण्याने दोन्हीकडे विचारून पाहिलं. एकाने "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणून अजून सांगितलेलं नाही. दुसरा म्हणाला, रविवारी या, पण पिशव्या काट्यावर मोजून आणा.