ऐकणे आणि निकाल लावणे

एखादा अमानुष गुन्हा घडला की चार दिवसांत मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते आणि ‘या खटल्यासाठी विशेष न्यायालय नेमा’ अशी मागणी होते. मंत्रिमहोदय ती तत्काळ मान्य करतात. मागणी करणाऱ्यांचा संताप खरा असतो. न्याय लांबणीवर पडेल ही त्यांची भीतीही निराधार नसते. तथापि एका विशिष्ट खटल्यासाठी न्यायपीठ नेमण्याचा अधिकार सरकारच्या हाती देणे हा त्यावरील योग्य उपाय आहे काय? हा प्रश्न नवा नाही. आपण ज्यांच्याकडून न्यायालयांची घडण घेतली त्या इंग्लंडला तो सातशे वर्षांपूर्वीच पडला होता.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यांचा न्याय करणारे न्यायाधीश राजाच्या सनदेने नेमले जात. ‘ऑयर अँड टर्मिनर’ हे त्या सनदेचे नाव. तत्कालीन न्यायालयीन फ्रेंच भाषेत या शब्दांचा अर्थ ‘ऐकणे आणि निकाल लावणे’ असा होतो. ही सनद घेऊन न्यायाधीश सामान्यतः वर्षातून दोनदा परगण्यांच्या फिरतीवर निघत. जोडीला दुसरी सनद असे, ती तुरुंग मोकळा करण्याची. न्यायाधीश गावी पोहोचले म्हणजे तेथील तुरुंगात खटल्याची वाट पाहत असलेल्या कैद्यांचा फैसला त्यांनी करावयाचा. हा न्याय आजच्या मानाने कठोर होता आणि फाशी स्वस्त होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीत एक मोठा गुण होता. न्यायाधीशांपुढे कोण उभा राहणार हे पंचांगाने ठरे, दरबाराने नव्हे. न्यायाधीशाने स्वतःच्या परगण्यात न्यायदानास बसू नये, असा कायदाही चौदाव्या शतकात झाला होता.

मात्र तीच सनद एखाद्या विवक्षित प्रकरणापुरतीही काढता येत असे, आणि अनर्थाचे मूळ तेथे होते. तेराव्या शतकात धनवान फिर्यादी हिंसाचाराच्या व अतिक्रमणाच्या तक्रारींसाठी अशा खास सनदा मिळवू लागले. आपल्या सोयीची माणसे न्यायाधीश म्हणून नेमली जातील अशी व्यवस्थाही करू लागले. अखेर १२८५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने यास बांध घातला. घोर अपराध असेल आणि तातडीच्या उपायाची निकड असेल तरच अशी खास सनद द्यावी, असे ठरले. आजची मागणी जवळजवळ याच शब्दांत होते, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. पण ‘तातडी’ हा अपवाद कोणासाठी वापरायचा हे ठरविणे सत्ताधाऱ्याच्याच हाती राहिले.

त्याचा परिणाम १५३६ साली दिसला. राणी ॲन बोलिनच्या प्रकरणात जी खास सनद वापरली गेली, ती २४ एप्रिल रोजी निघाली होती. पहिली अटक त्यानंतर काही दिवसांनी झाली. नेमलेल्यांमध्ये राजाचा विश्वासू मंत्री थॉमस क्रॉमवेल होता आणि खुद्द ॲनचा पिताही होता. निकाल काय लागणार याविषयी कोणास शंका असणार? ऐकण्याआधीच निकाल ठरला होता.

कंपनी सरकारच्या काळात हे शब्द हिंदुस्थानातही आले. १७७४ साली कलकत्त्यास आणि १८२३ च्या सनदेने मुंबईस स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टांना ‘ऑयर अँड टर्मिनर’चे अधिकार होते. पुढे शब्द गेले, पण खास सनदेची वृत्ती टिकली. १९३० साली व्हाइसरॉय आयर्विन यांनी लाहोर कटाच्या खटल्यासाठी वटहुकमाने तीन न्यायाधीशांचे न्यायाधिकरण नेमले आणि उच्च न्यायालयातील अपिलाचा मार्ग बंद केला. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना फाशीची शिक्षा देणारे न्यायपीठ हेच. स्वतंत्र भारतात पश्चिम बंगाल सरकारने ‘जलद निकाला’साठी कोणताही खटला विशेष न्यायालयाकडे सोपविण्याचा अधिकार कायद्याने घेतला, तेव्हा १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने अन्वर अली सरकार प्रकरणात तो समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. गुन्ह्यांचा एक संपूर्ण वर्ग सयुक्तिक कारणाने वेगळा काढणे ही गोष्ट निराळी. बालकांवरील अत्याचारांसंबंधीच्या २०१२ च्या कायद्यातील विशेष न्यायालये त्या प्रकारची आहेत. आक्षेप आहे तो खटला पाहून न्यायपीठ नेमण्यास.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे आणखी एक हिशेब मांडील. न्यायाधीशांचा वेळ ही दुर्मीळ वस्तू आहे. एका गाजलेल्या खटल्यास तो वेगळा काढून दिला, तर रांगेतील इतर खटले तितके मागे सरकतात. त्याची किंमत कोण देतो? ज्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही तो. आपल्या तुरुंगांतील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. विनाविलंब खटला हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सांगूनही ही स्थिती आहे.

इंग्लंडमध्येही फिरती न्यायालये वाढत्या कामास अपुरी पडू लागली. तेव्हा चौकशी आयोगाचे अध्यक्षपद लॉर्ड बीचिंग यांना देण्यात आले. रेल्वेच्या तोट्यातील मार्गांचा हिशेब मांडणारे हे गृहस्थ कायदेपंडित नव्हते. १९६९ साली आयोगाने फिरती पद्धत मोडून कायमस्वरूपी न्यायालय स्थापण्याची शिफारस केली आणि १ जानेवारी १९७२ पासून क्राउन कोर्ट सुरू झाले. विलंबावर त्यांनी शोधलेला उपाय खास न्यायपीठांचा नव्हता; सर्वांसाठी सदैव उघड्या असलेल्या न्यायालयाचा होता.

आपणही तोच मार्ग धरावा. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भराव्यात, आणि प्रत्येक सत्र न्यायालयाने ठरावीक तारखांना आपल्या हद्दीतील तुरुंगात कोण, किती दिवस आणि कशासाठी बसला आहे याचा झाडा घ्यावा. तुरुंग मोकळा करण्याच्या त्या जुन्या सनदेतील घेण्याजोगा भाग एवढाच आहे. तो घेतला, तर विशेष न्यायालय मागण्याची वेळ फारशी येणार नाही.