कोयीपासून झाड लावावें काय ?

गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याकडे जातांना पायांखालीं फळांसारखे वाटोळे खडे आढळतात. बाबांची थट्टा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांचा नारळादि माल त्यांच्या शब्दानें दगड झाला, अशी कथा परंपरेनें सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांस झिओलाइट नामक खनिजाचे गोळे म्हणतात. कथेचा वाद येथें नको. परंतु फळाच्या बीजाचा दगड होतो, हें मीं माझ्या मेजाच्या खणांत प्रत्यक्ष पाहिलें आहे.

एका उन्हाळ्यांत एक गांवरान आंबा इतका गोड निघाला कीं, त्याची कोय धुऊन, कागदांत गुंडाळून मीं जपून ठेवली. सवडीनें लावूं, असा बेत होता. सवड मिळाली ती दिवाळीच्या सुटींत! तोंपर्यंत कोय हातांत खडखड वाजूं लागली होती. ती पुरली, पाणी घातलें. अंकुर आला नाहीं. ज्वारीचा दाणा वर्षभर कणगींत राहूनहि उगवतो. आंब्याच्या कोयीचें तसें नाहीं. ती वाळली कीं मेली. उलट, मुलांनीं बेफिकिरीनें उकिरड्यावर फेकलेल्या कोया पहिल्या पावसांतच तांबूस पालवी घेऊन वर आल्या होत्या. जपलेलें मेलें आणि मातीला दिलेलें जगलें! गव्हाच्या दाण्याविषयींचें प्रभु येशूचें वचन मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें होतें. समजलें मात्र त्या दिवशीं.

त्यांतील एक रोप एका विद्यार्थ्यानें जुन्या डब्यांत लावून मला दाखविलें व विचारलें, “गुरुजी, ह्याला तसेच गोड आंबे येतील ना?” खरें उत्तर देणें भाग होतें. “बहुधा नाहीं, बाळ,” असें मीं म्हणालों. आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयींत एकच गर्भ असतो व तो परागसंयोगानें झालेला असतो. म्हणून लेकरूं आईसारखेंच निघेल, असा भरंवसा नसतो. शिवाय कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरतें, तर कोयीच्या झाडाला सहा ते दहा वर्षें लागतात. मुलाचें तोंड उतरलें. “मग कशाला लावूं?” असें तो म्हणाला. हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं, सुज्ञ पालकांचाहि आहे; म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

ज्यास बागेवर प्रपंच चालवावयाचा आहे त्यानें कलमेंच लावावीं, ह्यांत वाद नाहीं. पण कलम तरी कशावर उभें असतें? आपल्या विदर्भांतील संत्र्याच्या बागा पाहा. जंबेरीची बी पेरून रोप वाढवितात आणि त्याच्या खोडांत संत्र्याचा डोळा भरतात. नांव संत्र्याचें, पण जमिनीखालीं राबणारें मूळ बीजापासून आलेल्या जंबेरीचें! दुसरें असें कीं, नवी जात बहुधा बीजांतूनच जन्मास येते. लखनौजवळच्या दशहरी गांवीं आपोआप रुजलेलें एक आंब्याचें झाड निराळें निघालें, आणि त्याचीं कलमें दूरवर गेलीं. “हें आईसारखें निघणार नाहीं” म्हणून तें कोणी लहानपणींच उपटलें असतें, तर दशहरी आंबा जगास कळलाच नसता.

परंतु माझें मुख्य म्हणणें निराळेंच आहे. आम्ही शिक्षक मुलांना प्रत्येक परीक्षेगणिक फळ मोजावयास शिकवितों. दहा वर्षें वाट पाहण्याचें शिक्षण कोणत्या तासाला मिळतें? शुभवर्तमानांतील माळ्यानें नापीक अंजिरासाठीं धन्याजवळ आणखी एक वर्ष मागून घेतलें. पण त्याबरोबरच भोंवतीं खणून खत घालण्याचेंहि कबूल केलें. धीर म्हणजे स्वस्थ बसणें नव्हे. ज्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, त्याच विल्यम कॅरी यांनीं १८२० सालीं कलकत्त्यास कृषि व उद्यानविद्येची संस्था स्थापिली. पुस्तक आणि कुदळ हीं त्यांस परस्परविरोधी वाटलीं नाहींत.

तरी विद्यार्थिमित्रहो, येत्या मृगांत एवढें करा. आंबा खाल्ल्यावर कोय धुऊन सावलींत एक-दोन दिवस ठेवा, वाळवूं नका. शेणखत मिसळलेल्या मातींत दोन-तीन बोटें खोल आडवी पुरा. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसेल. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून रोप थोड्या उंचवट्यावर व घराच्या भिंतीपासून दूर लावा. शेळ्यांपासून रक्षण व्हावें म्हणून बाभळीच्या काट्यांचें कुंपण करा, आणि उन्हाळ्यांत भाजी-धान्य धुतलेलें पाणी त्याच्याच आळ्यांत ओता. फळ आंबट निघालें तर लोणचें होईल, किंवा त्याच खोडावर चांगल्या जातीचें कलम बांधतां येईल. सावली तर आंबट निघत नाहीं!

त्या मुलाचें रोप आज त्याच्या अंगणांत गुडघ्याइतकें झालें आहे. त्याला कसलीं फळें येतील हें तो जाणत नाहीं, मीहि जाणत नाहीं. तो पुढील शिक्षणासाठीं परगांवीं जाणार आहे. म्हणून पाणी केव्हां व किती घालावें, हें त्यानें आपल्या धाकट्या बहिणीला आतांपासूनच शिकवून ठेविलें आहे.