उदर-शस्त्रकर्मानंतरचा रुग्ण आणि आपली जबाबदारी

पोटावरील लोंबणारी त्वचा व मेद काढून सैल झालेले स्नायू शिवून घेण्याचे शस्त्रकर्म, म्हणजे व्यवहारातील ‘टमी टक’, हे श्रीमंतांचे चोचले असे समजून आपल्यापैकी अनेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात. ते योग्य नव्हे. दोन-तीन बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेली, वजन उतरवूनही ओटीपोटावरील कातडीच्या घडीत चिखल्यांसारखे व्रण होणारी स्त्री आपल्याच चिकित्सालयात येत असते. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हापासून सातारा-सांगली भागातील माणूस शस्त्रकर्मासाठी मिरजेची वाट धरतो. आता कोल्हापूर-पुण्याचीही धरतो. शस्त्रकर्म तेथे होते आणि दोन-चार दिवसांत रुग्ण विट्याला, तासगावला, कोरेगावला घरी येतो. रात्री दुखू लागले की दार ठोठावले जाते ते आपले, किंवा कोपऱ्यावरील औषध दुकानदाराचे.

आणि येथेच खरा धोका आहे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे दुसरे बाळंतपणच वाटते. पोट बांधायचे, तेल जिरवायचे, शेक-शेगडी द्यायची, हा क्रम त्यांच्या हातात बसलेला असतो. परंतु या शस्त्रकर्मात त्वचा खालच्या थरापासून सोडवून ओढून घेतलेली असते. तिच्या संवेदना वाहणाऱ्या सूक्ष्म नाड्या तुटतात. बेंबीखालचा भाग कित्येक आठवडे, कधी महिनेही, बधिर राहतो. अशा त्वचेवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर रुग्णेस चटका जाणवत नाही आणि त्वचा भाजते. स्नेहन-स्वेदन हे वातशमनाचे आपले हुकमी उपाय खरे. परंतु येथे पोटावर ते करू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. शल्यचिकित्सकाने दिलेला पट्टा हाही बाळंतिणीचा पोटपट्टा नव्हे. त्वचेखाली द्रवसंचय होऊ नये व शिवलेल्या स्नायूंना आधार मिळावा म्हणून तो असतो. तो किती घट्ट व किती आठवडे बांधावयाचा हे त्यांनीच ठरवावे.

त्याहून गंभीर गोष्ट पोटरीची. पोटरीत गोळा आला म्हणून तेल लावून रगडण्याची आपल्याकडे सार्वत्रिक प्रथा आहे. उदर-शस्त्रकर्मानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय प्रथम घ्यावा. सौंदर्यशस्त्रकर्मांमध्ये हा धोका याच शस्त्रकर्मात अधिक मानला जातो. तेथे मर्दन केल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सोबत दम लागत असेल तर विचारविनिमयास वेळच नसतो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

वेदनेविषयी आपल्या समाजात एक विचित्र धैर्य आहे. ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या बंद केल्या जातात. मग दुखते म्हणून रुग्ण उठत नाही, खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो, आणि गुठळी व फुप्फुसदोष या दोहोंना वाव मिळतो. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्मानंतरच्या तीव्र वेदनेवर यष्टिमधुसिद्ध कोमट घृत सांगितले आहे. आज टाके व चिकटपट्ट्या असलेल्या जखमेवर कोणी तूप ओतू नये. पण वेदनाशमन हे चिकित्सकाचे कर्तव्य आहे ही त्यांची दृष्टी आपण का सोडावी? दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्या, किंचित वाकून का होईना पण पहिल्या दिवसापासून घरात चाला, हे आपण ठामपणे सांगितले तर रुग्ण ऐकतो. त्याचा वैद्यावर विश्वास असतो.

औषधविक्रेत्या बांधवांनीही सुटीचे कार्ड पाहिल्याविना वेदनाशामक देऊ नये. कार्डावर डायक्लोफिनॅक असताना दुसऱ्या नावाने तेच पुन्हा दिले जाते, किंवा पॅरासिटामॉल दोन संयुक्त गोळ्यांतून दुप्पट पोटात जाते. ट्रॅमाडॉलने मलावष्टंभ होतो. कुंथण्याने नव्या शिवणीवर ताण येतो. येथे मात्र आपण खरे उपयोगी पडतो. कोमट दुधातून तूप, इसबगोल, मनुका असे मृदू अनुलोमन पुरते. तीव्र विरेचन नको. व्रणितोपासनीय अध्यायातील पथ्य, म्हणजे जुना तांदूळ, मुगाचे वरण, तूप, दिवसा झोप वर्ज्य, आजही तंतोतंत लागू पडते. नुसत्या पेजेवर जखम भरत नाही, एवढी भर त्यात घालावी.

शस्त्रकर्मापूर्वीचेही दोन शब्द. गुग्गुळकल्प, लसूणघटित औषधे यांनी रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते. ती दोन आठवडे आधी थांबवावीत आणि भूलतज्ज्ञास तशी लेखी माहिती द्यावी. दुसरे म्हणजे मिश्री. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नास आपल्याकडील स्त्री ‘नाही’ म्हणते, आणि ते खरेच असते. पण सकाळ-संध्याकाळ ती भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावत असते. त्यातील निकोटिनने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ताणून शिवलेली त्वचा काळी पडून मरते. मोठ्या शहरातील शल्यचिकित्सकास हा प्रश्न सुचेलच असे नाही. आपल्याला तिचे घर, तिची सासू, तिची मिश्रीची डबीही ठाऊक असते. शस्त्रकर्माआधी किमान चार आठवडे व नंतर जखम भरेपर्यंत मिश्री बंद, हे तिला आपणच सांगावयाचे, आणि तिच्या कागदांवर ‘मिश्री लावते’ असे लिहून मगच तिला मिरजेला पाठवावयाचे.