आधी धोटा दाखवा, मग शांतता सांगा



परवा परळच्या नाक्यावर एक पत्रक हातात पडलं. गुळगुळीत कागद, निळी शाई. वर लिहिलेलं : इंदू मिलमधलं बाबासाहेबांचं स्मारक म्हणजे आंतरराष्ट्रीय शांततेचं प्रतीक! खाली हात जोडलेले चार चेहरे. मी ते घडी करून खिशात टाकलं आणि भिवंडीला पाळीवर गेलो. रात्रभर साचा खडखडत होता, आणि त्या खडखडाटात मी शांतता शोधत होतो.

माझी ओळख एवढीच. मुंबईच्या एका गिरणीत बदली म्हणून लागलो. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली, ती परत सुरू झालीच नाही. आता भिवंडीत पॉवरलूमवर आहे. शाळा दहावीत सुटली. पुढचं शिक्षण सहा डिसेंबरला शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर, उभ्या उभ्या. भाषा चुकली तर सांभाळून घ्या. मुद्दा चुकला तर मात्र कान पकडा.

शांतता हा शब्द आम्हाला नवा नाही. वस्तीवर दगड पडला की दुसऱ्या दिवशी चौकीत शांतता कमिटी भरते. मीही एकदा बसलोय तिथं. चहा आला, बिस्किटं आली. ज्या पोराचं डोकं फुटलं होतं त्यालाच सगळे सांगत होते, बाबा, तू शांत राहा. फोडणाऱ्याला काय सांगावं हे कुणालाच सुचलं नाही. तेव्हापासून हा शब्द ऐकला की मी आधी बघतो, बोलणारा कुठल्या खुर्चीवर बसलाय.

वरळीला जपानी बुद्ध मंदिर आहे. निप्पोनझान म्योहोजी पंथाचं. त्या पंथाच्या निचिदात्सु फुजी गुरुजींनी हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बनंतर जगभर शांती स्तूप बांधायचं व्रत घेतलं. मंदिरात ढोल वाजतो. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बीडीडी चाळी. जानेवारी १९७४ मध्ये त्या चाळींत पँथरच्या सभेवर दगड आले, दंगल पेटली. १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून दगड टाकला आणि भागवत जाधव गेला. ढोल तेव्हाही होता. त्याला दोष देत नाही. एवढंच म्हणतो, की बाजूच्या चाळीत न्याय नसेल तर नुसत्या ढोलानं शांतता येत नाही.

पुढे ११ जुलै १९९७. घाटकोपरची रमाबाई कॉलनी. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. जाब विचारायला माणसं रस्त्यावर आली आणि गोळीबारात दहा जण मेले. पुतळा शांतच होता. पुतळ्यांना शांत राहायला काय जातं?

आता आमचं आम्ही बांधलेलं स्मारक बघा. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता पेटली. तिथंच भदन्त आनंद कौसल्यायनांनी लाखभर माणसांना दीक्षा दिली. माणसं रडत आली आणि बौद्ध होऊन घरी गेली. त्या जागी १९७१ साली स्तूप उभा राहिला. भय्यासाहेबांनी पुढाकार घेतला, लोकांनी पदरची नाणी सोडली. सांचीसारखं तोरण, लहानसा घुमट. त्याची उंची किती फूट, हे मला कधी कुणी विचारलं नाही. दरसाल लाखो माणसं भाकरी बांधून येतात, वाळूत झोपतात आणि पुस्तकं घेऊन परत जातात. शहरातल्या शहाण्यांना त्यात फक्त कचरा आणि ट्रॅफिक दिसतो. अरे, लाखो उपाशी-तापाशी माणसं जमतात, कुणाला ओरखडा न काढता घरी जातात, ही शांतता तुम्हाला दिसत नाही? आणि साडेतीनशे फुटांची दिसणार?

होय, साडेतीनशे. इंदू मिलच्या जागेसाठी डिसेंबर २०११ मध्ये आपली माणसं आत घुसून बसली, म्हणून ती जागा मिळाली. शांतता कमिटीनं दिली नाही. ११ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांनी भूमिपूजन केलं. २०२० ला सरकारनं पुतळा अडीचशेवरून साडेतीनशे फूट करायचं ठरवलं, खाली शंभर फुटांचा चौथरा. स्मारक व्हावंच. मी विरोधात नाही. माझं भांडण आहे ते त्यावर लावल्या जाणाऱ्या पाटीशी.

कारण ही गिरणीची जमीन आहे. आणि मुंबईच्या गिरण्यांची एक गोष्ट कुठल्याच पत्रकात येत नाही. माझे पणजोबा त्रासन खात्यात राबले. साचे खात्यात पगार जास्त, पण तिथं महाराला मज्जाव. का? तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून काढावं लागे. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं स्पृश्य कामगार म्हणत. बाटायला एक धागा पुरत होता! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना ठणकावलं, आधी साचे खातं उघडा. तेव्हा कुठं नाइलाजानं ती मागणी यादीत आली. हा माणूस तेव्हा परळच्या पोयबावडीला, बीआयटी चाळीत, कामगारांच्याच शेजारात राहत होता. त्याला ही शांतता रोज ऐकू येत होती.

आणि नोव्हेंबर १९५६. मरणाच्या दोन-तीन आठवडे आधी, आजारी शरीरानं ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत उभे राहिले. आंतरराष्ट्रीय व्यासपीठच होतं ते. तिथं त्यांनी नुसती मैत्री-करुणा सांगून टाळ्या घेतल्या नाहीत. बुद्ध आणि मार्क्स समोरासमोर ठेवले. बुद्धाच्या दुःखाला गरिबीचं, पिळवणुकीचं नाव दिलं. त्यांच्या शांततेत भाकरीचा हिशेब होता. पत्रकवाल्यांनी हिशेब फाडला आणि शांतता ठेवून घेतली.

हिरोशिमाचं उदाहरण देतात ना? नीट द्या. बॉम्ब पडला तेव्हा तिथला एक घुमट जळून सांगाडा उरला. तो त्यांनी पाडला नाही, रंगवला नाही, उंच केला नाही. मोडका तसाच ठेवला. जग तिथं मान खाली घालतं ते त्या जखमेपुढं. जखम दाखवली म्हणून ते शांततेचं प्रतीक झालं. आमची जखम चौथऱ्याखाली गाडून वर शांतता लिहाल, तर ते स्मारक नव्हे, झाकण झालं.

आपल्याही पुढाऱ्यांना सांगतो. फुटांच्या हिशेबात अडकू नका. १८ जानेवारी १९८२ च्या संपात माझा आजा रस्त्यावर आला, तो परत खात्यात गेलाच नाही. अडीच लाख माणसं होती. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर झाले, आणि घरासाठी अर्ज केलेली म्हातारी माणसं वाट बघत मेली. त्यांच्याबद्दल एक शब्द न बोलता शांततेची फीत कापू नका.

मागणी एकच आहे, आणि ती फुकटात होण्यासारखी आहे. त्या स्मारकात दारातच एक जुना साचा ठेवा. त्यावर धोटा. खाली मराठीत आणि जगातल्या चार भाषांत लिहा : या धोट्याला आमचं तोंड चाललं नाही. परदेशी पाहुणा आला तर आधी त्याला इथं उभं करा, मग वर पुतळा दाखवा.

भिवंडीत अजून धोट्याचे साचे चालतात. त्या रात्री माझ्या शेजारच्या आझमगडवाल्यानं त्याचा धोटा बिघडला म्हणून माझा उचलला, तोंड लावलं, सूत ओढलं आणि साचा चालू केला. मला विचारलंही नाही. माझ्या पणजोबाला हे बघायला मिळालं नाही.

हे जिथं होतं तिथं शांतता आहे. जिथं होत नाही तिथं आम्ही बोलत राहणार.

जयभीम.