सरकारी कामाचा मेल खासगी कसा?

‘मागितलेला पत्रव्यवहार संबंधित अधिकाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवरून झालेला असल्याने तो या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.’ एवढ्या एका वाक्यावर माहिती अधिकाराचा अर्ज निकाली काढता येतो, असे मानणारा वर्ग आपल्या प्रशासनात आहे. वाक्य नम्र आहे, कायद्याची परिभाषा त्यात आहे, म्हणून अर्जदार बहुधा तिथेच थांबतो. त्याने थांबू नये. हे उत्तर कायद्याला धरून नाही, आणि लोकशाहीला तर मुळीच नाही.

आधी विरुद्ध बाजू पूर्ण ताकदीनिशी मांडू. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधले कलम २(ञ) नागरिकाला जो अधिकार देते, तो सार्वजनिक प्राधिकरणाकडे असलेल्या किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असलेल्या माहितीपुरता आहे. जीमेलचा पासवर्ड कार्यालयाकडे नाही, सर्व्हर कार्यालयाचा नाही, खाते तर कित्येकदा नोकरी लागण्याआधीच उघडलेले. मग ती माहिती कार्यालयाकडे आहे असे कसे म्हणायचे? शिवाय ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचा तो अधिकार जात नाही. अधिकाऱ्याच्या खात्यात त्याच्या आईच्या आजारपणाची चिंता आहे, मुलीच्या प्रवेशाची धावपळ आहे, बँकेचे हिशेब आहेत. तिथे कुणी डोकावावे असे कोण म्हणेल?

मीही म्हणणार नाही. पण या युक्तिवादाचा सगळा भार एका गृहीतकावर आहे: कार्यालय वेगळे आणि त्यातला अधिकारी वेगळा. हे गृहीतकच टिकत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय नावाची इमारत पत्र लिहीत नाही, निविदा मंजूर करत नाही, भूसंपादनाचा दर ठरवत नाही. हे सारे माणसे करतात, आणि पदाच्या अधिकारात करतात. त्या अधिकारात जे लिहिले गेले ते कार्यालयानेच लिहिले, आणि ते अधिकाऱ्याच्या ताब्यात असणे म्हणजेच कार्यालयाच्या ताब्यात असणे. तलाठ्याने फेरफार नोंदवही घरच्या कपाटात ठेवली, तर कपाट त्याचे आणि किल्लीही त्याची. नोंदवही गावाचीच राहते.

अमेरिकेत हा वाद थेट न्यायालयात लढला गेला. अध्यक्ष ओबामा यांचे विज्ञान सल्लागार जॉन होल्ड्रेन हे व्हाइट हाउसच्या विज्ञान व तंत्रज्ञान धोरण कार्यालयाचे प्रमुख होते. आधी ते ज्या खासगी संशोधन संस्थेत होते, तिथल्या ईमेल खात्यावरून त्यांनी कार्यालयीन पत्रव्यवहार केल्याचे पुढे आले. माहिती मागणाऱ्यांना उत्तर मिळाले की ते खाते त्या संस्थेच्या नियंत्रणात आहे, आमच्या नाही. खालच्या न्यायालयाने ते मान्य केले. वॉशिंग्टनच्या केंद्रीय अपील न्यायालयाने मात्र ५ जुलै २०१६ रोजी तो निर्णय फिरवला. खातेप्रमुखाने आपला मेल दुसऱ्या पत्त्यावर ठेवावा आणि तेवढ्याने नागरिकांचा जाणून घेण्याचा हक्क बुडावा, तर मग कायदा केला कशाला, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच दिवशी एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी यांनी हिलरी क्लिंटन यांच्या खासगी सर्व्हरच्या तपासाचे निष्कर्ष जाहीर केले. जगभरच्या बातम्या कोमींनी व्यापल्या आणि हा निकाल झाकोळून गेला. टिकाऊ महत्त्व मला त्या निकालाचे वाटते.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराचे प्रकरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण ते महापालिकेचे आहे. शहराच्या मध्यवर्ती भागाच्या पुनर्विकासाबद्दल महापौर आणि नगरसेवकांनी स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खात्यांवरून पाठवलेले मेल आणि संदेश एका नागरिकाने २००९ मध्ये मागितले. पुनर्विकास, बिल्डर, नगरसेवक: पुण्या-मुंबईच्या वाचकाला यापुढचे सांगायला नको. पालिकेने नकार दिला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१७ मध्ये एकमताने निकाल लागला की सार्वजनिक कामाचा मजकूर कोणत्या खात्यात आहे यावरून तो सार्वजनिक की खासगी हे ठरत नाही. खासगीपणाची बाजूही न्यायालयाने सोडली नाही. कर्मचाऱ्याने आपले खाते आपणच तपासावे, कामाचे मेल द्यावेत, आणि जे रोखून ठेवले ते का रोखले याचे प्रतिज्ञापत्र करावे, ही पद्धत त्याने पुरेशी मानली. आईच्या आजारपणाचा मेल कुणीही वाचत नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीही मार्च २०१२ मध्ये, तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांच्या खासगी खात्याबाबत, सरकारी कामाचे मेल माहिती कायद्याच्या कक्षेत येतात असाच निर्णय दिला.

आपल्या कायद्याला तर एवढे ओढूनताणून वाचण्याचीही गरज नाही. कलम २(च) मधल्या माहितीच्या व्याख्येत ‘ई-मेल’ स्पष्ट लिहिलेला आहे. तो कोणत्या पत्त्यावरून गेला पाहिजे अशी अट तिथे नाही. आणि २(ञ) मध्ये ‘नियंत्रणाखाली’ हे शब्द आहेत. आपल्याच अधिकाऱ्याकडून त्याच्या कामाचा कागद मागून घेण्याचा अधिकार कार्यालयाला नाही, असे म्हणण्याची हिंमत कोणता विभागप्रमुख करील?

पुढचा आक्षेप जुना आहे आणि तो मोठ्या पदांवरची माणसे घेतात. सगळेच उघड होणार असेल तर कुणी मोकळेपणाने मत लिहिणार नाही, म्हणून चर्चेला एक आडोसा हवा. २००६ मध्ये केंद्र सरकारने याच कारणासाठी नस्तीवरच्या टिपण्या माहिती अधिकारातून वगळण्याचा घाट घातला. मंत्रिमंडळाने दुरुस्तीला मंजुरीही दिली होती. देशभर विरोध उसळला. अण्णा हजारे ऑगस्टमध्ये आळंदीला उपोषणाला बसले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्यानंतर टिपण्या मिळत राहिल्या, आणि टिपण्या लिहिणे काही थांबले नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला तर त्या टिपणीनेच वाचवले: मंत्र्याच्या मर्जीविरुद्ध आपण काय लिहिले होते, हे दाखवायला त्याच्याकडे कागद राहिला. आज तोच वाद मेलच्या रूपाने मागच्या दाराने येतो आहे. टिपण्या वगळण्याचा जो अधिकार संसदेकडून मिळाला नाही, तो जीमेल आणि व्हॉट्सॲप वापरून स्वतःच घेतला जातो. नस्तीवर फक्त ‘चर्चेनुसार मान्य’ एवढे शब्द येतात आणि ती चर्चा कुठे झाली याचा मागमूस राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हा धोका ओळखलेला आहे. टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, आदेशांची नोंद झाली पाहिजे. नोंदच झाली नाही तर माहिती अधिकारही निष्फळ होतो. खासगी खात्यातला आदेश तोंडी नसतो हे खरे. पण कार्यालयाला जो दिसत नाही, बदलीनंतर जो सापडत नाही, तो आदेश तोंडी आदेशापेक्षा कितीसा वेगळा?

आता व्यवहाराची अडचण, आणि ती मात्र मी मनापासून मान्य करतो. राज्यातल्या कितीतरी कार्यालयांच्या पत्रांवर आजही जीमेलचा पत्ता छापलेला असतो. तिथल्या अव्वल कारकुनाला सरकारी पत्ता मिळालेला नसतो, मिळाला तर पेटी भरलेली असते, पासवर्ड गेलेल्या साहेबांबरोबर गेलेला असतो. पुराच्या रात्री तहसीलदाराने आधी सरकारी मेल चालू होण्याची वाट पाहावी, असे कुणीच म्हणणार नाही. त्याने हाताशी असेल त्या साधनाने निरोप द्यावा. अमेरिकेच्या संसदेने २०१४ मध्ये हीच अडचण ध्यानात घेऊन नियम केला: खासगी खात्यावरून सरकारी कामाचा मेल पाठवायचा तर त्याच वेळी सरकारी खात्याला प्रत लावा, नाहीतर वीस दिवसांच्या आत पूर्ण प्रत तिथे पोहोचवा. पुराच्या रात्रीचा निरोप वीस दिवसांत सरकारी पेटीत टाकायला जमत नसेल, तर अडचण साधनांची राहिलेली नाही.

प्रत वेळीच गेली पाहिजे यावर मी इतका अडून आहे, कारण नंतरच्या शोधाचा भरवसा नाही. क्लिंटन परराष्ट्रमंत्री असताना, २००९ ते २०१३, घरच्या सर्व्हरवरचे खाते वापरत होत्या. परराष्ट्र खात्याने मागितल्यावर २०१४ च्या अखेरीस त्यांनी सुमारे तीस हजार मेल सुपूर्द केले; तितकेच किंवा थोडे अधिक वैयक्तिक म्हणून बाजूला काढले गेले आणि पुढे पुसले गेले. ही छाटणी त्यांच्याच वकिलांनी केली. नंतर एफबीआयला कामाशी संबंधित असे हजारो मेल सापडले, जे सुपूर्द केलेल्या गठ्ठ्यात नव्हते. त्यांचा हेतू काय होता यावर कितीही वाद घाला. ज्याची तपासणी व्हायची त्यानेच कागद निवडायचे, ही व्यवस्था कोणत्याही हेतूने चालवली तरी विश्वासाला पात्र ठरत नाही. म्हणून सॅन होजेचे प्रतिज्ञापत्र हा दुसरा उपाय. पहिला उपाय प्रत.

भारतात यासाठी कायदा नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये संगणकाने तयार केलेले साहित्यही अभिलेखात मोडते. ठरलेल्या पद्धतीशिवाय अभिलेख नष्ट करायला कलम ८ मनाई करते आणि कलम ९ त्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. महाराष्ट्राचा स्वतःचा अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. के. एन. गोविंदाचार्य यांनी सरकारी कामासाठी विदेशी कंपन्यांच्या मेलचा वापर होतो हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात नेला, आणि त्यानंतर फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राचे ईमेल धोरण आले. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळाले, तेव्हा नस्त्यांची राख झाली म्हणून सारा महाराष्ट्र हळहळला. जळालेली नस्ती पुन्हा उभी करायची तर दुसऱ्या कार्यालयातल्या प्रतींचा आधार असतो. दोन्ही टोकांना खासगी खाती असली की तो आधारही नाही, आणि अधिकारी निवृत्त होऊन खाते बंद करतो तेव्हा हळहळायला कुणाला कळतही नाही.

मला सर्वांत जास्त अन्याय वाटतो तो जन माहिती अधिकाऱ्यावर होणारा. तो बहुधा खालच्या पायरीवरचा असतो. मेल साहेबांच्या फोनमध्ये, दंड मात्र कलम २० प्रमाणे याच्या पगारातून, दिवसाला २५० रुपये, २५ हजारांपर्यंत. पण याच कायद्याने त्याच्या हातात कलम ५(४) दिले आहे: तो कोणत्याही अधिकाऱ्याकडे लेखी साहाय्य मागू शकतो. आणि कलम ५(५) प्रमाणे ज्याच्याकडे साहाय्य मागितले तो अधिकारी त्या अर्जापुरता स्वतःच जन माहिती अधिकारी मानला जातो, दंडासकट. ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असे लिहिण्याआधी जन माहिती अधिकाऱ्याने साहेबांना हे पत्र लिहिले का, हे प्रथम अपिलात प्रत्येक अर्जदाराने विचारावे. माहिती आयोगानेही दर वेळी विचारावे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे कलम ८(१)(ञ) आता पूर्वीपेक्षा बरेच रुंद झाले आहे. वैयक्तिक माहिती एवढे म्हटले की नकार देता येईल अशी भीती आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून आत्ताच ठणकावून सांगायला हवे की वैयक्तिक खात्यातली प्रत्येक गोष्ट वैयक्तिक माहिती नसते. निविदेच्या अटी बदलण्याबद्दलचा मेल कुणाच्याही खासगी आयुष्याचा भाग होऊ शकत नाही.

राज्य शासनाने एक शासन निर्णय काढावा. प्रत्येक पदाला, व्यक्तीला नव्हे, सरकारी मेलपत्ता द्यावा. मंत्र्यांच्या खासगी सचिवांना आणि स्वीय सहायकांनाही. अपवादाने खासगी खाते किंवा व्हॉट्सॲप वापरले तर ठरावीक दिवसांत प्रत सरकारी पेटीत यावी आणि नस्तीला जोडली जावी. बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत टंकलेखन यंत्रांपासून खुर्च्यांपर्यंत सगळे मोजून दिले-घेतले जाते. त्या यादीत कार्यालयीन मेलचाही रकाना हवा, आणि तो रिकामा दिसला तर येणाऱ्या अधिकाऱ्याने कार्यभार स्वीकारल्याची सही करू नये.