इलायचीला दुसरं नाव ठेवा

पोशेऱ्यात माझं किराणा दुकान आहे. मागे एक सेल्समन आला. म्हणाला, "दादा, दुकानाला नवाकोरा बोर्ड देतो, फुकट. खाली तुमचं नाव टाकू." वर मोठ्या अक्षरात एका इलायचीचं नाव. त्या नावाची पुडी कसली असते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. माल बंद झाला, नाव मात्र राजरोस चालू. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता हीच गोष्ट गांजाच्या कुळात होऊ घातली आहे. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस बंद केले, पण झाडाची नुसती पानं, म्हणजे भांग, त्यात धरली नाहीत. त्याच वाटेने 'विजया' नावाने आयुर्वेदिक तेलं आणि गोळ्या ऑनलाइन विकल्या जातात. औषध म्हणून वैद्याने दिलं तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याच्या जाहिरातीला.

कायदा नाही असं नाही. आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं २४ वं कलम नशेच्या मालाच्या जाहिरातीला मनाई करतं. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मालाची नुसती भलामण करण्यावरची बंदी भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली, पण गिऱ्हाईक ओढायला मोकळीक दिली नाही. तंबाखूच्या दुकानावर बोर्ड चालतो तोही साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरचा. त्यावर मालाचा प्रकार लिहायचा, कंपनीचं नाव नाही.

कॅलिफोर्नियात गांजा खुला आहे. तिथे जाहिरात पाहणाऱ्यांत किमान ७१.६ टक्के लोक एकवीस वर्षांवरचे असावे लागतात. आमच्या पाड्यांवर हा हिशेब कोण मांडणार? बऱ्याच घरांत फोन एकच. सिमकार्ड बापाचं, अन् संध्याकाळी फोन सहावीतल्या पोरीच्या हातात. कंपनीच्या वहीत ती चाळीस वर्षांचा गडी म्हणून लागते.

म्हणून नियम बघणाऱ्याच्या वयावर नको, मालाच्या नावावर हवा. नशेच्या मालाचं नाव ज्या वस्तूला असेल, तिची जाहिरात भिंतीवर, बोर्डावर, फोनवर कुठेच नको. आडून केलेल्या जाहिरातींवर २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या गावच्या बोर्डापर्यंत पोचायला हव्यात. कंपन्या म्हणतील, इलायची विकणं हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. खरंच इलायची विकायची असेल तर तिला दुसरं नाव ठेवा.

मोहाच्या दारूची आमच्याकडे कुणी कधी जाहिरात केली नाही, तरी छापा पडतो तो तिच्यावरच. उद्या भांगेच्या धंद्याला परवाने वाढवायचे असतील, तर सरकारने आधी हा नियम लिहावा. आणि दंड बोर्ड लावणाऱ्या दुकानदाराच्या माथी न मारता त्या नावाच्या मालकाकडून वसूल करावा.