थकलेल्या टोलसाठी दोन गोळ्या

28 एप्रिल 2016 रोजी दुपारी अमेरिकेत ह्यूस्टनजवळ रॉबर्टो फेलिक्स या पोलिसाने 24 वर्षांच्या अ‍ॅश्टियन बार्न्सची गाडी अडवली. कारण काय, तर त्या नंबरावर टोल थकला होता. गाडी भाड्याची, मैत्रिणीच्या नावावर घेतलेली. बार्न्सजवळ लायसन्स नव्हते. गांजाचा वास येतोय म्हणत फेलिक्सने चौकशी वाढवली, डिकी उघडायला लावली आणि त्याला खाली उतरायला सांगितले. बार्न्सने दार उघडले, पण गाडीही सुरू केली. गाडी हलताच फेलिक्स पिस्तूल घेऊन उघड्या दाराच्या उंबऱ्यावर चढला आणि दोनेक सेकंदांत त्याने गोळी झाडली, पाठोपाठ दुसरी. बार्न्सने कशीबशी गाडी थांबवली आणि तिथेच प्राण सोडला. टोलनाक्यांवर हुज्जत घालण्यात मुरलेल्या महाराष्ट्रालाही अशी वसुली सुचली नसती.

आईने लावलेल्या दाव्यात खालच्या न्यायालयांनी फक्त 'धोक्याचा क्षण' पाहिला. चालत्या गाडीला लटकलेल्या माणसाच्या जिवाला धोका होता, सबब गोळी वाजवी. त्याला लटकायला सांगितले कोणी, हा प्रश्न त्या नियमात बसतच नव्हता. 15 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा नियम मोडीत काढला. न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या निकालानुसार प्रसंगाचा सगळा ओघ पाहिला पाहिजे. खटला त्यासाठी परत पाठवण्यात आला. मात्र पोलिसाने धोका स्वतःच ओढवून घेतला असेल तर तो कोणाच्या खात्यात मांडायचा, हे न्यायालयाने ठरवलेच नाही. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. उडी टाळता आली असती, तर उडीनंतरच्या भीतीने गोळीचे समर्थन होऊ शकत नाही.

न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हॅनॉ यांनी स्वतंत्र मत जोडले आणि त्यांच्याशी आणखी तिघे सहमत झाले. गाडी अडवणे हे जोखमीचे काम आहे आणि पळणारा चालक काहीतरी मोठे लपवत असू शकतो, असा त्यांचा रोख. जोखीम आहेच, पण किती? जॉर्डन ब्लेअर वूड्स या कायद्याच्या अभ्यासकाने फ्लोरिडातील 200 हून अधिक पोलीस दलांची दहा वर्षांची कागदपत्रे तपासली. नेहमीच्या वाहतूक तपासणीत पोलिसाची हत्या होण्याचे प्रमाण सुमारे 65 लाखांत एक इतके निघाले. प्रत्येक खिडकीशी मृत्यू उभा आहे असे मनात धरून जाणाऱ्याचा हात पिस्तुलाकडे लवकर जाणारच. शिवाय बार्न्स निसटला असता तरी नंबर हाती होता आणि गाडी कोणी नेली याची नोंद भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे असणार. पाठलाग करता आला असता, बिनतारीवरून पुढच्यांना कळवता आले असते.

किरकोळ कारणासाठी गाड्या अडवूच नयेत, असे मी म्हणत नाही. 1995 मध्ये ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट घडवणारा टिमथी मॅकव्हे सापडला तो गाडीला नंबर प्लेट नव्हती म्हणून. तो मुकाट थांबला, पळाला नाही, हा फरक मान्य. पण त्याच्याजवळ भरलेले पिस्तूल होते आणि ते त्याने स्वतःच सांगितले. शिपायाने आपले पिस्तूल त्याच्यावर रोखले. झाडले नाही.